पुढे डावीकडे कोण बसलंय?

आधीच सांगते. या गोष्टीत अमावस्या नाही, स्मशान नाही, पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच.

हे घडलं भर दुपारी. यंदाच्या फेब्रुवारीत. बोईसर-पालघर रस्त्यावर, उमरोळीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असताना.

आमच्या गाडीत आम्ही तिघं होतो. माझा नवरा चिराग गाडी चालवत होता. माझे सासरे, आमचे तात्या, त्याच्या शेजारी पुढे बसले होते. मी मागे.

निदान आम्ही तिघंच आहोत असं मी तरी समजत होते...

आवाज तिघांनीही ऐकला. चिराग आता कानांवर हात ठेवतो. म्हणतो, मला काही आठवत नाही. नसेल आठवत. पण त्या दिवशी तो स्टेअरिंग धरून कसा रडला, ते मी मागून पाहिलंय.

मी हे करमणुकीसाठी लिहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही माहीत असेल तर मला सांगा. बुडत्याला काडीचा आधार, आणि मी नाकापर्यंत बुडालेय.

मी मेघाली. आमचं घर बोईसरजवळ पामला. घरामागे वाडी आहे, चिकूची झाडं, थोडी केळी. चिराग सौर पंप बसवायची कामं घेतो. विक्रमगड, जव्हारकडच्या पाड्यांवर जातो. तिथले रस्ते म्हणजे नुसते दगड. साधी गाडी चढत नाही. म्हणून त्याने मागच्या दिवाळीनंतर एक जुनी फोर बाय फोर घेतली. चारही चाकांना जोर असलेली, उंच, मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली. लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल तेवढं तो त्या गाडीकडे बघायचा.

पण खरं सांगायचं तर गाडीचा मोठा आधार तात्यांना होता.

तात्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. एक दिवसाआड पालघरला डायलिसिस. पाणी मोजून प्यायचं. त्यांचं दिवसभराचं पाणी मी सकाळी एका तांब्यात काढून ठेवते. दुपारपर्यंत तो तांब्या रिकामा होतो, आणि मग ते लहान मुलासारखे माझ्याकडे बघतात.

"पोरी, एक घोट."

"नाही तात्या."

हे 'नाही' म्हणताना माझा जीव तुटतो. माझे वडील मी लहान असताना गेले. या घरात आले तेव्हा मला पहिल्यांदा हक्काने ओरडणारं, चिडवणारं, ताटात जास्तीचा मासा वाढायला लावणारं कोणी मिळालं ते तात्याच. म्हणून सांगते, मला बाकी कशाची भीती नाही. मला फक्त तात्या हवेत.

गाडी आली त्या दिवशी सासूबाईंनी पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. चिरागने गाडी पुढे घेतली. चारही लिंबं फुटली.

स्टेपनीकडे कोणी बघितलंही नाही. तिच्याखाली लिंबू ठेवणार तरी कसं? ती कुठे जमिनीला टेकत होती.

बोईसरला सुजीतचं गॅरेज आहे. चिरागचा शाळेपासूनचा दोस्त. जानेवारीत गाडी त्याच्याकडे नेली, तेव्हा त्याने सांगितलं, फोर बाय फोरला पाचही टायर जागा बदलून लावायचे. एखादा कमी झिजला, एखादा जास्त झिजला, तर चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि खालच्या गिअरबॉक्सवर ताण येतो. स्टेपनी नुसती टांगून ठेवायची नाही, तिलाही पळवायचं.

पाचही टायरांच्या जागा बदलल्या.

स्टेपनीचा टायर आला पुढे डावीकडे.

बरोबर तात्यांच्या पायाखाली...

दुसऱ्याच दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. चिराग रस्त्याला शिव्या घालायचा. मी म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." तो चिडायचा, तात्या हसायचे. तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

मग आवाज सुरू झाला.

थप... थप.

उघड्या तळव्याने पत्र्यावर मारावं तसा. दोन वेळा. मग शांतता. मग पुन्हा दोन वेळा.

चिराग म्हणाला, टायर वाकडातिकडा झिजला की असा आवाज येतो. मलाही पटलं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. टायरचा आवाज गाडी पळवली की वाढतो, हळू केली की कमी होतो. हा आवाज तसा नव्हता. गाडी पळो नाहीतर रांगो, त्याची लय तीच.

आणि एकदा बोईसरच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये गाडी उभी होती. चाकं जागच्या जागी होती.

तरीही...

थप थप.

तात्यांनी काच खाली करून बाहेर बघितलं. "कोन हाय रं?" म्हणाले. बाहेर कोणी नव्हतं. बाजूच्या रिक्षातला माणूस आमच्याकडे बघत होता, बस्स.

सुजीतकडे अलाइनमेंट करायला गेलो. मीही होते, कारण तिथून पुढे पालघरला जायचं होतं. गाडी रॅम्पवर चढवली. चारही चाकांना माप घ्यायचे पंजे लावले. समोरच्या पडद्यावर आकडे आले. सगळं नीट असेल तर हिरवे, चाक कललेलं असेल तर लाल. तात्या बाहेर खुर्चीवर बसले होते, टपरीवरचा अर्धा कप चहा पुरवून पुरवून पीत. चिराग त्यांच्याजवळ उभा. मी सुजीतशेजारी.

तीन आकडे हिरवे आले. एक लाल.

सुजीत पडद्यावरून नजर न काढता ओरडला, "अरे, पुढे डावीकडे कोण बसलंय? उतरवा ना त्याला! वजन पडलंय."

मी गाडीकडे बघितलं.

गाडीत कोणी नव्हतं.

सुजीतनेही मान वर केली. बघितलं. मग खाली वाकून चाक आणि वरची कमान यांतलं अंतर बोटांनी मोजलं. डावी बाजू उजवीपेक्षा खाली गेली होती. कोणी चांगला भरलेला माणूस सीटवर बसावा तशी.

"स्प्रिंग बसली असेल," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

नवीन स्प्रिंग घातल्या. आकडे जुळवले. सगळे हिरवे झाले. आम्ही रॅम्पवरून गाडी खाली घेतली आणि गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत...

थप थप.

मग तो टायर झिजतच गेला. बाहेरून बघितलं तर चांगला. आतल्या कडेने मात्र खाल्ल्यासारखा. एका सकाळी चिराग पाड्यावर जायच्या गडबडीत होता आणि मी अंगणात वाकून त्या टायरच्या आतल्या बाजूला हात घातला. हात फिरवला तर रबरावर खळगे लागले. एकापुढे एक चार. आणि थोडं आडवं, खालच्या अंगाला, पाचवा.

माझी बोटं आपोआप त्या खळग्यांत बसली.

माझ्या बोटांना ते सैल होत होते. पुरुषाच्या हाताचे होते ते.

मी हात झटकन मागे घेतला. विहिरीवर जाऊन धुतला. पुन्हा धुतला.

चिरागला दाखवलं तर म्हणाला, "कपिंग म्हणतात त्याला. गाडी उड्या मारते ना, तसा टायर ठिकठिकाणी झिजतो."

"बोटांसारखा झिजतो?"

"मेघाली, डोकं नको खाऊ."

मी म्हटलं, हा टायर काढ, पुन्हा मागे टांग. पण मागे जो टांगलेला होता त्याला, तो चाकाला होता तेव्हाच, पाड्याच्या रस्त्यावर दगडाने बाजूला चीर पडली होती. तो लावता येत नव्हता. एकटाच नवीन घातला तर बाकीच्यांशी जुळत नाही. शेवटी चिरागने पाचचा सेट मागवला. यायला आठवडा लागणार होता.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच लिंबू आणलं. डाव्या चाकाखाली ठेवलं. "त्या वेळी पाचव्याला ठेवलं नव्हतं," म्हणाल्या, "माझीच चूक." चिराग कुरकुरत गाडीत बसला आणि त्याने ती पुढे घेतली. चाक लिंबावरून गेलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

लिंबू तिथेच होतं.

अख्खं... त्याला चीरही गेली नव्हती.

सासूबाई आत गेल्या आणि देवासमोर बसल्या. चिरागने लिंबू उचलून वाडीत भिरकावलं.

आता तात्यांनी काय सांगितलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी डायलिसिसहून परत येताना आवाज चालू होता आणि तात्या दाराला कान लावून ऐकत होते.

"हा टायर नाय," ते म्हणाले. "हा मानूस हाय."

"तात्या, तुमी पन?" चिराग वैतागला.

"तुला काय ठावं. मी ज्वान होतो तेव्हा वाडीतली केळी घेऊन विक्रमगडच्या बाजाराला जायचो. तिथून पुढं एकच जीप. आत मानसं, टपावर मानसं, मागं बंपरवर मानसं. मागचे स्टेपनीला मिठी मारून उभे. उतरायचं झालं तर ओरडून उपेग नाय, डायवरला ऐकू यायचं नाय. मंग पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हंजे थांबव, मला उतरायचं हाय. एक थाप म्हंजे चल."

थप थप.

"बघ," तात्या म्हणाले. "दोन."

मी मागून विचारलं, "आणि ज्याची थाप ड्रायव्हरला ऐकूच गेली नाही तो?"

तात्यांनी दाराला लावलेला कान काढला.

"तो लटकून राहायचा. हात भरून यायचे. कोनाचा हात सुटला तर आतल्यांना कळत बी नसं, पोरी. पुढच्या थांब्याला मानूस कमी निघायचा, तेव्हा कळायचं."

गाडी कुठून आली होती ते आम्हाला धड माहीत नाही. विकणारा म्हणाला होता, आधी डोंगराकडच्या एका माणसाची होती. स्टेपनी तिचीच की दुसऱ्या कुठल्या गाडीची, हे त्यालाही सांगता आलं नाही.

मग दुष्काळात तेरावा महिना. डायलिसिस सेंटरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं आणि तात्यांची एक पाळी हुकली. उद्या या म्हणाले. रात्री तात्यांचे पाय सुजले. सकाळी चेहरा सुजला. दुपारी ते आडवे होऊ शकत नव्हते. श्वास घेताना आतून पाणी घुसळल्यासारखा आवाज यायचा. फोन केला तर सेंटरवाले म्हणाले, यंत्र सुरू झालंय, ताबडतोब आणा. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. गाडी दारात उभी होती.

त्याच टायरवर.

दुसरा मार्ग नव्हता. तात्यांना मागे झोपवलं तर श्वास कोंडायचा. म्हणून पुढे ताठ बसवलं. डावीकडे.

पाम सोडलं आणि लगेच सुरू झालं.

थप थप. थप थप. थप थप.

यावेळी मध्ये शांतता नव्हती. आवाज तात्यांच्या दारावर, बाहेरून. स्टेअरिंग डावीकडे ओढत होतं. चिराग दोन्ही हातांनी उजवीकडे पिरगळत होता. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या. बोईसर कसंबसं पार केलं.

"तात्या, थोडंच राहिलंय," मी म्हणत होते. मी काय बोलतेय ते मलाच कळत नव्हतं. त्यांच्या छातीतला तो आवाज आणि दारावरचा तो आवाज, दोन्ही मिळून माझं डोकं फुटायला आलं होतं. देवा, यांना पोचू दे. मला बाकी काही नको. एवढंच.

उमरोळीच्या अलीकडे डावं चाक रस्ता सोडून मातीवर उतरलं. चिरागने ओरडून ब्रेक मारला. गाडी तिरकी होऊन थांबली. मागून ट्रकचा भोंगा वाजला.

"धरवत नाय," चिराग रडत म्हणाला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "माज्याच्यानं धरवत नाय, मेघाली."

थप थप.

तात्यांनी हळूच काच खाली केली. बाहेर ऊन, सुकलेलं गवत, दूर कुंपणावर वाळत टाकलेले कपडे. माणूस नाही.

तात्या त्या रिकाम्या जागेशी बोलायला लागले. एकेका शब्दाला थांबत, धापा टाकत.

"ऐकलं रं बाबा... ऐकलं तुजं... पन आता नाय. आता तू उतरलास, तर मी बी हितंच उतरनार... मला पोचव. मला थोडे दिस दे... मंग ये माज्या घरी. मी हाय तुज्या सोबतीला. दोघं बरोबर उतरू."

"तात्या, गप बसा!" मी ओरडले. पुढे वाकून मी त्यांचा खांदा धरला. अंग बर्फासारखं गार.

त्यांनी हात उचलला. दाराच्या बाहेर काढला. आणि पत्र्यावर एकच थाप मारली.

थप.

चल.

चिरागने गाडी सुरू केली. आणि गाडी सरळ गेली. ओळंबा धरावा तशी सरळ. स्टेअरिंगवर एक बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. पालघरपर्यंत कसलाही आवाज आला नाही, तात्यांच्या छातीतला सोडून.

तात्या वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडले.

नवीन टायर आले. सुजीतने पाचही बदलले, पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झाले. तो जुना टायर त्याच्याच भिंतीला टेकवून ठेवला होता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथे नव्हता. भंगारवाला घेऊन गेला की काय, मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. आमच्या मागचं शुक्लकाष्ठ गेलं, एवढं पुरे होतं.

मूर्ख होते मी.

तात्यांची खाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे अंगण, जिथे गाडी उभी असते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीची वेळ. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. मी तात्यांना गोळ्या देत होते.

भिंतीवर, बाहेरून...

थप थप.

माझ्या हातातली वाटी पडली.

तात्या दचकले नाहीत. शांतपणे हात उचलून त्यांनी भिंतीवर आतून एक थाप मारली. आवाज बंद झाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"घरी आनलंत त्या सांजेपासून. रोज येतो."

"आणि तुमी..."

"मी चल म्हनतो. चल म्हटलं का जातो बिचारा. जीपचा कायदाच हाय तो. गाडीतला मानूस चल म्हनला, तर लटकलेल्यानं लटकून राहायचं."

"आणि एखाद्या दिवशी तुमी नाही मारली तर?"

तात्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या तांब्याकडे बघितलं.

"मंग गाडी थांबली, पोरी."

मी त्यांच्या खाटेपाशी खाली बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हा माणूस सुया टोचून घेतानाही नर्सची चेष्टा करायचा. तो रडायला लागला.

"मला आजून मरायचं नाय गं, मेघाली. मी शबूद दिला खरा. पन मला नाय मरायचं."

चिरागला सांगितलं. तो म्हणाला, पाल असेल, झावळी असेल, उंदीर असेल. सासूबाईंनी गावात विचारलं, अंगारा आणला, उंबऱ्याला लावला. खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली. आवाज त्या भिंतीवर आला. तिच्यापलीकडे अंगण नाही, आमचं स्वयंपाकघर आहे. तिथे तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही.

मागच्या आठवड्यापर्यंत असंच चाललं. रोज संध्याकाळी दोन थापा, आणि तात्यांची एक.

मग तात्या जास्त झोपायला लागले. डायलिसिसहून आले की मेल्यासारखे झोपतात. गाडीत बसवतही नाही त्यांना आता, मागच्या सीटवर उशा लावून आडवे आणतो. पुढे डावीकडे मी बसते.

गेल्या मंगळवारी दिवेलागणीला ते असेच झोपले होते.

थप थप.

मी त्यांना हलवलं. "तात्या. तात्या, उठा."

थप थप.

"तात्या, उठा ना! एकदाच हात उचला!"

ते उठेनात. त्यांचा श्वास अडकायला लागला. एक श्वास, मग काहीच नाही. मी वाट बघतेय, वाट बघतेय, मग दुसरा. त्यांचा हात धरून मी भिंतीपर्यंत न्यायला गेले, तर तो इतका जड झालेला की मला उचलेना. जणू दुसऱ्या बाजूने कोणी धरलाय...

थप थप. थप थप.

छाती हलायची थांबली.

मग मी विचार केला नाही. तुम्ही असता तर तुम्हीही केला नसता. मी माझा हात भिंतीवर मारला. एकदाच.

थप.

तात्यांनी मोठा श्वास घेतला. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. डोळे उघडले. आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"तू मारलीस?"

मी मान हलवली.

"काय केलंस पोरी हे," ते म्हणाले. "कशाला केलंस? आता तो तुला बी वळखतो."

त्यानंतर रोज मीच मारते. तात्या नको म्हणतात, हात जोडतात माझ्यापुढे. पण दिवेलागणीला त्यांना जाग नसते. मी काय करू? गप्प बसू? मंगळवारपासून मी संध्याकाळी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. चुलत नणंदेच्या हळदीला गेले नाही. लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

काल सकाळी पालघरहून येताना चिराग म्हणाला, गाडी पुन्हा डावीकडे ओढतेय. तसेच सुजीतकडे गेलो. तात्यांना मागे झोपू दिलं आणि मी उतरून सुजीतशेजारी उभी राहिले. त्याने पुढच्या डाव्या चाकाच्या आतून हात फिरवला. टायर नवीन होता, अंगावरचे रबरी केसही अजून गेले नव्हते.

त्याचा हात एका जागी थांबला.

"इतक्यात कसा काय झिजला?" चिराग म्हणाला.

सुजीतने हात काढून घेतला. त्याने पंजे लावले, पडदा चालू केला. आकडे आले. एक लाल.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग पुढच्या रिकाम्या डाव्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या पायांकडे, मी खरंच जमिनीवर उभी आहे का हे बघावं तसं.

यावेळी त्याने विचारलं नाही, कोण बसलंय म्हणून.

मीच पुढे होऊन टायरमागे हात घातला. खळगे होते. चार, आणि आडवा पाचवा. मी बोटं ठेवून बघितली.

यावेळी ते मला सैल झाले नाहीत. नेमके बसले.

हे सगळं मी आज लिहितेय, कारण मला झोप लागत नाही आणि चिरागशी बोलून उपयोग नाही. मी स्वयंपाकघरात बसलेय. तात्या पलीकडच्या खोलीत झोपलेत, इथून त्यांचा श्वास ऐकू येतो. सासूबाई दिवा घेऊन तुळशीकडे गेल्यात. मी मगाचपासून तात्यांच्या भिंतीकडे कान लावून आहे. वेळ झालीये. अजून आवाज आला नाही.

एकदा वाटलं, संपलं. गेला तो.

थप थप.

तात्यांच्या भिंतीवर नाही... माझ्या पाठीमागच्या दारावर.

मी उठते. तात्यांचा श्वास चालू आहे, मला ऐकू येतोय. तो चालू राहायला हवा. दारावर मी एकच थाप मारणार आहे.